सारख्या चुका

"बसा ढाकुलकर," मी म्हणालो. पण खोलीत बसायला दुसरी खुर्चीच नव्हती. ती मी मुद्दाम शेजारच्या वर्गात नेऊन ठेवली होती.

ते दारातच थांबले. हातातली कापडी पिशवी त्यांनी भिंतीशी टेकवली, इकडेतिकडे पाहिलं आणि उभेच राहिले.

"काही चुकलं का सर?"

"ते तुम्ही सांगायचं."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि नीळकंठ ढाकुलकर एकतीस. अमरावतीत बँकेच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये मी तर्कशक्ती शिकवायचो आणि ते माझे विद्यार्थी होते. दर्यापूरकडच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर ते पाणी सोडायचं काम करत. पहाटे व्हॉल्व्ह फिरवून गावाला पाणी द्यायचं, मग एसटीने अमरावती गाठायची, दोन तास क्लास, दोन तास अभ्यासिका, आणि संध्याकाळच्या पाण्याला पुन्हा गावात हजर. वर्गातली पोरं त्यांना काका म्हणायची. त्यांची ही शेवटची परीक्षा होती. पुढच्या वर्षी ते वयात बसणार नव्हते, फॉर्मसुद्धा भरता आला नसता.

आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या क्लासची निवडचाचणी झाली होती. साठ जणांतून दहा निवडायचे आणि त्यांना दोन महिने क्लासच्याच वसतिगृहात ठेवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत घासून घ्यायचं, अशी आमच्या मोठ्या सरांची पद्धत होती. या निवासी तुकडीतले सात-आठ जण दरवर्षी बँकेत लागायचे. ढाकुलकरांनी चाचणीच्या आधीच मला सांगून ठेवलं होतं, "सर, नाव लागलं तं माहा साळा, बायकोचा भाऊ, दोन महिने पानी सोडायले तयार हाये. मंग दिवसभर अभ्यासच अभ्यास." हे सांगताना ते इतके खूश होते, की जणू नोकरीच लागली होती.

"काल चाचणीला कुठे बसला होता?" मी विचारलं.

"मांगून दुसऱ्या बाकावर."

"आणि पुढे कोण होतं?"

"पुढं... थोडी तिरपी ते ऐश्वर्या होती. काळमेघ सरायची पोरगी."

"तिच्या पेपरात किती वेळा पाहिलंत?"

ते हसले. मी गंमत करतोय असं त्यांना वाटलं असावं. ते हसणं माझ्या डोक्यात गेलं.

"म्या? म्या काहाले पाहीन सर?"

टेबलावर पालथ्या घातलेल्या दोन उत्तरपत्रिका मी उलट्या केल्या, पण त्यांच्यापासून लांबच ठेवल्या. आमच्याकडे उत्तरपत्रिका तपासायला पुठ्ठ्याची एक चाळणी होती. बरोबर उत्तराच्या जागी भोकं पाडलेला पुठ्ठा. तो उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकातून काळा गोळा दिसला की गुण, कोरं दिसलं की लाल फुली. सोमवारी सकाळी साठ उत्तरपत्रिकांवर ती चाळणी ठेवता ठेवता मला या दोन सापडल्या होत्या. एकवीस ते सत्तावीस, सातच्या सात प्रश्न दोघांचेही चुकलेले, आणि चुकीचा पर्यायही प्रत्येक ठिकाणी तोच. मला काय आनंद झाला होता! चहा तसाच थंड होऊ दिला होता मी.

"ढाकुलकर, एक लक्षात घ्या," मी वर्गात बोलतो त्या आवाजात सुरू केलं. "बरोबर उत्तरं कोणाचीही कोणाशी जुळतात, कारण बरोबर उत्तर एकच असतं. चुकायच्या वाटा मात्र पुष्कळ असतात. दोन माणसं एकाच वाटेने सात वेळा चुकली, तर त्याला योगायोग म्हणत नाहीत. पाच पर्याय, सात प्रश्न. पाचाचा सातवा घात किती होतो माहीत आहे? अठ्ठ्याहत्तर हजार एकशे पंचवीस. अठ्ठ्याहत्तर हजारांत एकदा होईल असा योगायोग नेमका तुमच्याच बाकावर झाला?"

त्यांचं हसू गेलं. ते टेबलाजवळ आले. "कोन्ते सवाल चुकले सर? मले पेपर तं दाखवा."

"दाखवता येत नाही. नियम आहे."

नियम खरंच होता. तीच प्रश्नपत्रिका पुढच्या वर्षीच्या मुलांना वापरायची असल्याने चाचणी झाली की ती परत घ्यायची आणि कोणालाही दाखवायची नाही.

"मंग म्या काय सांगू? चोर म्हनता, पन काय चोरलं ते दाखवत नाही."

उत्तर नसलं की माझा आवाज चढायचा, अजूनही चढतो. "वयाने मोठे आहात म्हणून इतकं नीट बोलतोय," मी म्हणालो, "दुसरा असता तर वर्गात उभा केला असता."

खरं सांगायचं तर ढाकुलकरांवर माझा आधीपासूनच थोडा राग होता. ते प्रश्न फार विचारायचे. वर्ग संपला, पोरं उठली, की हे वही घेऊन टेबलाशी यायचे. "सर, हे असं काहून?" दिवाळीनंतर एकदा त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मला आलं नव्हतं. मी वेळ मारून नेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच उत्तर काढून आणलं, आणि मला एकट्याला गाठून दाखवलं, वर्गात नाही. चांगुलपणानेच. मला तो चांगुलपणाही खुपला होता.

आमचे मोठे सर म्हणजे देऊळकर. बँकेतून निवृत्त झालेले, क्लासचे मालक, बोलायला मऊ आणि निर्णयाला कडक. मी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी दोन्ही उत्तरपत्रिका उजेडात धरून पाहिल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि मला विचारलं, "हरणे, खात्री आहे न तुम्हाला? माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"शंभर टक्के, सर."

"मुलीला विचारलं का?"

"तिला कशाला मध्ये आणायचं, सर? प्राध्यापकांची मुलगी आहे, उगाच बोभाटा होईल. आणि ती कशाला यांच्या पेपरात बघेल? ती वर्गात पहिली-दुसरी येते. कोणी कोणाचं पाहिलं हे उघडच आहे."

ढाकुलकर देऊळकरांकडे बघत होते. "मोठे सर, माह्या वयाचा मानूस पोरीच्या पेपरात नजर घालीन का? तुमीच सांगा."

देऊळकरांनी उत्तरपत्रिका टेबलावर ठेवल्या. मग म्हणाले, "ढाकुलकर, मी विषय शिकवत नाही. ज्यांना शिकवायला ठेवलंय त्यांचं मला ऐकावं लागतं. तुम्ही या वर्षी येऊ नका." त्यांना 'या वर्षी' म्हणताना लक्षात आलं नसावं, की ढाकुलकरांना दुसरं वर्षच नव्हतं. माझ्या लक्षात आलं होतं.

ढाकुलकरांनी पिशवी उचलली आणि ते जिना उतरून गेले. यादीत ते नववे होते. अकरावा होता तो दहावा झाला.

मंगळवारी सकाळी यादी फलकावर लागली. देऊळकर म्हणाले होते, त्यांचं नाव नुसतं गाळा. मीच म्हणालो, सर, खाली एक ओळ टाकू, बाकीच्यांना धाक बसेल. ती ओळ मी माझ्या अक्षरात लिहिली. 'श्री. नीळकंठ ढाकुलकर यांचे नाव परीक्षेतील गैरप्रकारामुळे वगळण्यात आले आहे.' माझं अक्षर चांगलं आहे. फलकासमोर पोरांची गर्दी झाली आणि त्यांच्याच गावचा संजू म्हणून एक पोरगा होता, तो ती ओळ वाचून गुपचूप मागे सरकला. वरच्या खिडकीतून मी हे सगळं समाधानाने बघत होतो.

त्या सकाळी वर्गात माझं शिकवणं भलतंच रंगलं. विषयही तोच होता. दोन गोष्टी जोडीने घडतात म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. मी फळ्यावर लिहिलं, 'अमरावतीत कूलर लागले की बाजारात आंबा येतो.' मग विचारलं, "मग काय, कूलर बंद केले तर आंबे पिकायचे थांबतील?" वर्ग हसला. "दोन्हीच्या मागे ऊन आहे. दोन गोष्टी जुळलेल्या दिसल्या की आधी तिसरी शोधा. ती दिसत नाही, कारण ती इतकी जवळ असते की आपण तिच्याकडे बघतच नाही." हे सगळं मी बोललो. त्याच तोंडाने, त्याच दिवशी.

दुपारी तीनच्या सुमारास ऐश्वर्या काळमेघ शिक्षकांच्या खोलीत आली. वीस वर्षांची, बारीक चणीची, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी मुलगी. यादीत ती तिसरी होती. तिच्या तोंडावर आनंद मात्र काही दिसत नव्हता.

"सर, काकांनी कोणाची कॉपी केली?"

"तो विषय संपलाय."

"ते माझ्या मागे बसले होते म्हणून विचारते."

"तुझा काही संबंध नाही. तू अभ्यासाकडे लक्ष दे."

ती गेली नाही. "मग माझे नऊ कुठे चुकले तेवढं तरी सांगा न सर. निवासी तुकडीत त्यावरच मेहनत करीन."

मी कपाटातून तिचा पेपर काढून दिला. काल ज्या नियमासाठी मी एका माणसाला उभं ठेवलं होतं तो आज मला आठवलासुद्धा नाही. हुशार मुलगी होती, चांगल्या घरची होती, दाखवला. तिने उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका शेजारी ठेवली, बोट ठेवत ठेवत एकवीसवर आली आणि थांबली.

प्रश्न असा होता. विधान एक, मार्चमध्ये शहरात कूलरची विक्री वाढली. विधान दोन, एप्रिलमध्ये रसवंत्यांवर गर्दी वाढली. पर्याय पाच. पहिलं कारण आणि दुसरं परिणाम, दुसरं कारण आणि पहिलं परिणाम, दोन्ही स्वतंत्र कारणं, दोन्ही वेगवेगळ्या कारणांचे परिणाम, आणि शेवटचा, दोन्ही एकाच कारणाचे परिणाम.

"याचं उत्तर पाचवं आहे?" तिने विचारलं. "मला पाचवंच वाटलं होतं, सर. उन्हामुळे."

"मग पहिलं काळं का केलंस?"

"तुम्हीच सांगितलं होतं न."

"मी?"

"बंदच्या दिवशी." तिने बॅगेतून वही काढली, पानं चाळली आणि एक पान माझ्यासमोर उघडून धरलं. वर तारीख होती. खाली निळ्या शाईत चौकट आखलेली, आणि चौकटीत लिहिलं होतं, 'कारण-परिणाम ट्रिक. दोन विधानांत जे आधी घडलं ते कारण. तारखा बघा, टिक करा, पुढे चला. डोकं चालवू नका. वीस सेकंद. – हरणे सर.'

मला तो दिवस आठवला. महिन्याभरापूर्वी शहरात बंद होता. एसट्या नव्हत्या, दुकानं नव्हती, कोणी येणार नाही असं धरून मी फक्त कुलूप लावायला आलो होतो. तर हिची सायकल खाली उभी, आणि तिच्या शेजारी ढाकुलकर. ते पहाटेचं पाणी सोडून दुधाच्या गाडीत बसून आले होते. मला घरी जाऊन टीव्हीवर मॅच बघायची होती. दोघांनी विचारलं, कारण-परिणामाचे प्रश्न पटकन कसे ओळखायचे, परीक्षेत वेळ पुरत नाही. क्लासच्या पोरांना ट्रिक दिली की ती खूश होतात आणि लगेच उठतात, एवढं मला नऊ महिन्यांत कळलं होतं. मी उभ्या उभ्या एक ट्रिक तयार केली. ती खोटी आहे हे बोलताना मला माहीत होतं, आणि दाराबाहेर पडेपर्यंत मी ती विसरूनही गेलो होतो.

मी प्रश्नपत्रिका ओढून घेतली. एकवीस, बावीस, तेवीस. सातही प्रश्न कारण-परिणामाचे. प्रत्येक ठिकाणी आधीच्या तारखेचं विधान कारण म्हणून धरलेलं. काल मी चुकांचे आकडे जुळवले होते, प्रश्न वाचले नव्हते. मग मी दोघांच्या बाकीच्या चुका पाहिल्या. तिच्या आणखी दोन, त्यांच्या आणखी सहा. त्यांतली एकही जुळत नव्हती. तिच्या पेपरात बघणाऱ्या माणसाने ती सहा उत्तरं बरोबर नसती का लिहिली? हे सोमवारीही त्याच कागदावर होतं, माझ्या डोळ्यांसमोर.

दोघांच्या सारख्या चुकांचं कारण मीच होतो, आणि त्याबद्दल मी त्यांच्यातल्या एकाला हाकलून दिलं होतं. साठ जणांत ही ट्रिक फक्त दोघांना माहीत होती आणि फक्त त्या दोघांच्या चुका जुळल्या होत्या. पहिलीतल्या पोरानेही ओळखलं असतं.

"म्हणजे काकांचंही असंच झालं असेल न, सर?" ऐश्वर्या म्हणाली. तिचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "ते होते न त्या दिवशी. त्यांनी कॉपी नाहीच केली. मोठ्या सरांना सांगू या न."

इथे मी 'चल' म्हणायला हवं होतं. देऊळकरांची खोली दहा पावलांवर होती. निवासी तुकडी गुरुवारी हजर व्हायची होती, अजून दीड दिवस हातात होता. फलकावरची ओळ खोडायला एक मिनिट लागलं असतं.

"तू चुकीचं लिहून घेतलंस," मी म्हणालो.

"चुकीचं?"

"मी म्हणालो होतो, आधी घडलं ते कारण असू शकतं. 'असू शकतं' तू गाळलंस."

ती वहीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग काकांनीही नेमकं तेच गाळलं?"

मी शिकवलेलं तिला खरोखर समजलं होतं. माझी शिकवण तिने मलाच लावून दाखवली होती.

"त्यांनी काय ऐकलं ते तुला काय माहीत?" मी म्हणालो. "आणि हे बघ, प्रकरण पुन्हा उघडलं तर पहिलं नाव तुझं निघेल. तुझ्याच पेपरशी जुळलंय. घरी काय सांगशील? दोघांचीही चौकशी होईल, त्यांची गेली तशी तुझीही जागा जाईल."

"म्हणजे मी गप्प बसू?"

"अभ्यास कर."

तिने वही बॅगेत टाकली, चेन ओढली. जाताना तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी लगेच कपाट आवरायला घेतलं.

ती गेल्यावर मी देऊळकरांच्या खोलीकडे गेलो, हेही सांगितलं पाहिजे. निदान निघालो तरी होतो. मनात वाक्य तयार होतं, 'सर, चूक माझी आहे.' दार उघडलं तर ते फोनवर होते. हाताने बसा म्हणाले. फोन ठेवून म्हणाले, "हरणे, बरं झालं आलात. मी विचार करत होतो, जूनपासून तर्कशक्तीचे सगळे वर्ग तुमच्याकडेच देतो. काल तुम्ही जे पकडलंत ते पंधरा वर्षांत मला कधी दिसलं नसतं. तुमचं काय काम होतं?"

"खडू संपलेत, सर," मी म्हणालो.

पुढचं थोडक्यात उरकतो. ऐश्वर्या त्याच वर्षी अधिकारी म्हणून लागली. क्लासने निवड झालेल्यांचा सत्कार ठेवला तेव्हा तिने भाषणात सगळ्या शिक्षकांचे आभार मानले, माझं नाव घेतलं नाही. लोकांना वाटलं विसरली. मी पुढे स्वतःचा क्लास काढला, तो बरा चालतो. माझ्याकडे प्रश्नपत्रिका मुलांना परत मिळते आणि चुकलेला प्रश्न मुलाच्या समोर बसून वाचला जातो. पालक म्हणतात, सर फार पारदर्शक आहेत. मी ऐकून घेतो. मध्ये एकदा दर्यापूरकडे लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून ढाकुलकरांच्या गावच्या फाट्यावर उतरलो. चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "नीळूभाऊ? हायेत न. तेच सोडतात पानी." पाण्याची वेळ व्हायला तासभर होता. मी आलेल्या पहिल्या गाडीत बसून परत फिरलो.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. इथपर्यंतचं मी एका मित्राला आणि बायकोलाही कधीतरी सांगितलं आहे. दोघं म्हणाले, तरुण होतास, घाबरलास, होतं असं. त्यांना मी बुधवार सांगितला नाही.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास ढाकुलकर ओळखपत्र आणि ग्रंथालयाची दोन पुस्तकं परत द्यायला आले. मी खोलीत एकटाच होतो. या वेळी शेजारच्या वर्गातली खुर्ची मी स्वतः उचलून आणली. मी सांगणार होतो. फलकासमोर नाही, देऊळकरांसमोर नाही, पण त्यांना एकट्याला तरी सांगणार होतो, असं मी ठरवलं होतं. ते गेल्यावर काय करायचं ते पुढचं पुढे.

ते बसले. दाढी वाढली होती, डोळे लाल होते. पुस्तकांना घातलेली वर्तमानपत्राची कव्हरं त्यांनी काढली नव्हती.

"संजूनं गावात सांगतलं," ते म्हणाले. "बायकोनं ईचारलं, खरंच पायलं का हो? म्या म्हनलं, नाही. थे म्हने, मंग एवढे शिकलेले लोकं खोटं काहाले लिहितीन?"

मी तोंड उघडलं, पण ते बोलतच राहिले.

"रातभर म्या त्याच्यावरच ईचार केला सर. मुद्दाम म्या पायलं नाही, हे माह्या पोराची आन घेऊन सांगतो. पन तुमचा हिशोब काही डोस्क्यातून जात नाही. अठ्ठ्याहत्तर हजारांत एक. म्या सोता गुनून पायलं. बरोबर येते. पाच गुनिले पाच, सात बार. मंग ते खोटं कसं असन?"

"ढाकुलकर..."

"एक ईचारू का सर? तुमाले या गोष्टीतलं समजते म्हनून ईचारतो." ते पुढे वाकले. एरवी वही घेऊन टेबलाशी यायचे तसेच. "असं होऊ शकते का, का मानूस पेपरच्या टेन्शनमंधी असते, नजर कुठंबी जाते, डोळे पाहून घेतात अन् मनाले पत्ताच नसते? म्या पायलं असन, पन मलेच मालूम नसन? असं होते का?"

त्यांना माझ्याकडून फक्त 'नाही' एवढं हवं होतं. 'नाही, तुम्ही पाहिलं नाही, मला माहीत आहे.' एवढ्याने त्यांची जागा परत मिळाली असती की नाही ते देव जाणे, पण ते घरी जाऊन बायकोच्या तोंडाकडे बघू शकले असते. ते माझ्याकडे ज्या विश्वासाने बघत होते तसं माझ्याकडे पुन्हा कोणी पाहिलेलं नाही. बाहेर जिन्यावर देऊळकरांच्या चपलांचा आवाज आला.

"होतं असं," मी म्हणालो. "कधी कधी होतं."

ते मागे टेकले. त्यांनी मोठा श्वास सोडला. सांगायला लाज वाटते, पण त्यांना बरं वाटलं. दोन दिवस जे जुळत नव्हतं ते जुळलं.

"मंग झालंच असन," ते म्हणाले. "तरी म्हनलं, तुमी उगाच कोनाचं नाव घेनार नाही." ओळखपत्र आणि पुस्तकं त्यांनी टेबलावर नीट एकावर एक ठेवली आणि उठून उभे राहिले. मग त्यांनी माझ्यासमोर, माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या त्या माणसाने, हात जोडले.

"माफी करा सर. त्या पोरीलेबी सांगा, काकाच्यानं चुकून झालं म्हना. तिच्यावर बालंट येऊ देऊ नोका."

तेवढ्यात देऊळकर दारात येऊन उभे राहिले. जोडलेले हात त्यांनी पाहिले, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

"असू द्या ढाकुलकर," मी म्हणालो, आणि त्यांना माफ केलं.